एकच फेज काळी: एका जळक्या मोटारीचा पंचनामा

मामांची मोटार जळली ती तिसऱ्यांदा. पहिली खेप दिवाळीनंतर, दुसरी नाताळाच्या आसपास. संक्रांतीला मी गावी पोचलो तेव्हा मोटार पुन्हा विहिरीवरून काढून ट्रॉलीत टाकलेली होती आणि वळणावरूनच जळक्या वार्निशचा वास येत होता. करमाळा तालुक्यातलं, सीनेच्या काठापासून जरा आत असलेलं हे रान. उन्हाळ कांदा लागलेला, थोडा ऊस, विहिरीला पाणी आहे. अडचण फक्त ते वर आणणाऱ्या ५ एचपीच्या मोनोब्लॉकची, म्हणजे पंप आणि मोटार एकत्र असलेल्या संचाची.

"होल्टेजच न्हाई, तर मोटार ऱ्हाणार कशी?" मामा म्हणाले. आख्खा गाव हेच म्हणतो. आमचा मामेभाऊ यंदा बारावी सायन्सला आहे. तो तिथंच उभा होता, आणि त्यानं जे विचारलं ते मला वर्गात कुणी विचारलेलं नाही. मी बारावीलाच फिजिक्स शिकवतो, म्हणून जरा जास्तच लागलं.

"दादा, ओहमच्या नियमानं दाब कमी झाला तर करंट पण कमी व्हायला पाहिजे. करंट कमी म्हणजे उष्णता कमी. मग कमी दाबानं मोटार जळते कशी? उलट थंड चालायला पाहिजे."

दुसरा प्रश्न मामींचा होता, आणि खरं सांगायचं तर तोच जास्त कामाचा निघाला. एक पोल अलीकडं आप्पांची विहीर आहे. तीच लाइन, तीच कंपनी, तीच ५ एचपी. चार वर्षं त्यांची मोटार उघडलेली नाही. "मग आपल्यालाच काय साडेसाती लागलीया?"

मोटार भरणाऱ्याच्या दुकानात

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीबरोबर मीही तालुक्याला गेलो. मोटार भरणारा कारागीर साठीच्या पुढचा. मामांना संशय होता की हा तार बारीक गेजची भरतो. त्यानं काही न बोलता जुनी तार आणि नवी तार मायक्रोमीटरखाली धरून दाखवली. दोन्ही सारख्या. मग स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा बाहेरचा भाग, उताणा करून बॅटरीचा उजेड आत टाकला.

"मास्तर, हे बघा. तिन्ही खेपांना असंच."

स्टेटरच्या खाचांमध्ये तीन फेजची, म्हणजे विजेच्या तीन तारांची, तीन गुंडाळणी एकाआड एक बसवलेली असतात. एका फेजची गुंडाळी कोळशासारखी काळी, तिच्यावरचं वार्निश फुटून पापुद्रे निघालेले. बाकीच्या दोन मधाच्या रंगाच्या, जराशा गडद, पण धडधाकट. "नुसतं होल्टेज कमी असतं ना, तर तिन्ही भाजतात. सारखीच. पंप जाम झाला तरी तिन्ही. एकच काळी झाली म्हणजे लाइट वाकडी येतीया."

वाकडी. मी पाठ्यपुस्तकातला 'असंतुलित त्रिकला पुरवठा' हा शब्द मनात म्हणून बघितला आणि सोडून दिला.

तिथं मी एक मोजमाप करून घेतलं. नवीन भरलेल्या मोटारीच्या दोन टोकांमधला रोध मल्टिमीटरवर साडेतीन ओम भरला. ४१५ भागिले ३.५ केलं तर ११९ अँपिअर येतात. पाटीवर लिहिलंय ८. ओहमचा नियम खोटा नाही. पण तारेचा रोध हा मोटारीच्या हिशोबातला लहान भागीदार आहे. गुंडाळीतून उलटसुलट वाहणारी धारा स्वतःचं बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि ते क्षेत्र त्याच गुंडाळीत विरुद्ध दिशेचा दाब उभा करतं. फॅरेडेनं १८३१ मध्ये प्रवर्तन दाखवलं, लेन्झनं १८३४ मध्ये त्याची दिशा सांगितली. बाहेरून आलेल्या ४१५ पैकी बहुतेक सगळा दाब या विरोधाशी झुंजण्यातच जातो. तारेच्या रोधावर खर्च होतात थोडेच व्होल्ट.

मामेभावाचं उत्तर

गिझर, इस्त्री, जुना पिवळा बल्ब यांच्या बाबतीत तो बरोबर होता. दाब कमी, करंट कमी, उष्णता कमी. या वस्तूंना काही काम नेमून दिलेलं नसतं. मिळेल तेवढं घेतात आणि गप्प बसतात. मोटारीच्या गळ्यात मात्र पंप अडकवलेला आहे, आणि पंपाला विहिरीतलं पाणी ठरावीक उंचीवर चढवायचं आहे. त्याला दाबाशी देणंघेणं नाही. पंप मोटारीकडून जवळजवळ तेवढीच ताकद मागत राहतो. ऊर्जा आभाळातून पडत नाही. दाब उतरला की मोटार तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी जास्त करंट ओढते.

पण मोटारीला कसं कळतं की जास्त ओढायचं आहे? इथं खरी गंमत आहे. स्टेटरमधली तीन गुंडाळणी एकामागून एक भरात येतात, त्यामुळं आतलं चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं. ५० हर्ट्‌झवर, दोन ध्रुवांच्या मोटारीत, मिनिटाला ३००० फेरे. रोटरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाला, वीज कुठूनच जोडलेली नसते. नुसते धातूचे दांडे, दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेले. फिरतं क्षेत्र त्या दांड्यांना कापत जातं, दांड्यांत धारा उठते आणि त्या धारेवर क्षेत्राचा जोर बसून रोटर त्याच्यामागं पळतो. पळतो, पण कधीच गाठत नाही. गाठलं तर कापणं थांबलं, धारा थांबली, जोर थांबला. म्हणून मामांच्या मोटारीच्या पाटीवर ३००० नाही, २८७० लिहिलंय. हा १३० फेऱ्यांचा मागेपणा, म्हणजे 'स्लिप', हीच मोटारीची जाणण्याची शक्ती.

दाब उतरला की फिरतं क्षेत्र अशक्त होतं. तेवढ्याच मागेपणाला मिळणारा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. रोटर आणखी मागं पडतो, दांडे जास्त वेगानं कापले जातात, त्यांतली धारा वाढते, आणि ती वाढ स्टेटरला मुख्य लाइनीतून भरून काढावी लागते. ४१५ च्या जागी ३२३ व्होल्ट असतील तर मागेपणा हिशोबानं १३० वरून २१५ फेऱ्यांच्या आसपास जातो आणि करंट ८ वरून साडेनऊपर्यंत. उष्णता करंटच्या वर्गावर चालते, म्हणून करंट १९ टक्के वाढला की गुंडाळीतली उष्णता ४१ टक्के वाढते.

"म्हणजे होल्टेज कमी म्हणूनच जळली की," मामा.

तसं नाही. तेवढ्यानं तिन्ही भाजली असती. आणि आप्पांचीही.

रात्री साडेदहाचं मोजमाप

त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती, आठ तास. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला टाँगटेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र, मी मागवून घेतला होता. गावच्या वायरमनला विनंती केली, तो बिचारा आला. डीपीवरची, म्हणजे लाइनीच्या ट्रान्सफॉर्मरवरची, आणि पोलवरची सगळी कामं त्यानंच केली. त्या कामाला हात लावायचा अधिकार ना माझा ना मामांचा.

साडेदहाला लाइट आली आणि पहिल्यांदा जे पाहिलं ते कागदावर येण्यासारखं नव्हतं. लाइनीवर नऊ मोटारी. नऊंनाही 'ऑटो', म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारी यंत्रं, बसवलेले. लाइट येताक्षणी नऊही एकदम उठल्या. थांबलेल्या मोटारीचा रोटर जागेवर असतो, क्षेत्र त्याला पूर्ण वेगानं कापतं, म्हणून सुरुवातीला ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. मामांच्या स्टार्टरवरचा दाब दोनशेच्या घरात कोसळला. मोटार फिरायच्या ऐवजी गुरगुरत राहिली, पायाखालचं काँक्रीट थरथरलं, आणि मग जड अंगानं उठावं तशी हळूहळू वेगात आली.

सगळं स्थिर झाल्यावर आकडे घेतले. डीपीवर ४०२ व्होल्ट, लाइनीत सरासरी ८४ अँपिअर. ६३ केव्हीए क्षमतेच्या डीपीला ४३३ व्होल्टवर पेलवणारा करंट बरोबर ८४ भरतो. तिला आणखी एक मोटारही झेपली नसती. आप्पांच्या स्टार्टरवर तिन्ही फेजमधले दाब ३२९, ३२८, ३२७. सरळ. मामांच्या स्टार्टरवर, एकच पोल पुढं, ३२९, ३२३, ३१४. करंट ९.४, ११.४ आणि ८.७.

वाकडी लाइट ती ही. दाबातला फरक सरासरीच्या अडीच टक्के, करंटमधला सोळा टक्क्यांच्या आसपास. एवढ्याशा वाकडेपणाला एवढी शिक्षा का, हे मला फळ्यावर कायम अवघड जातं, पण बांधावर बसून मामेभावाला सांगताना सोपं गेलं. तीन फेज सारखे नसले की आतलं फिरतं क्षेत्र दोन क्षेत्रांची बेरीज असल्यासारखं वागतं. एक मोठं, सुलट फिरणारं. एक लहान, उलट फिरणारं. सुलट क्षेत्राच्या रोटर थोडासाच मागं आहे, म्हणून त्याच्या नजरेत रोटर जवळजवळ त्याच्या गतीनं चाललेला. उलट क्षेत्राला मात्र रोटर समोरून येताना दिसतो. ते दांड्यांना जवळपास दुप्पट वेगानं कापतं. त्या क्षेत्रापुरती मोटार सुरुवातीच्या पाच-सहा पटीच्या अवस्थेतच कायम अडकलेली असते. म्हणून चिमूटभर उलट दाब मूठभर उलट करंट ओढतो. तो करंट पाणी उपसत नाही. उलट ब्रेक लावतो. बैलजोडीच्या मागं एखादं आडमुठं वासरू दावणीसकट ओढत न्यावं तसं.

ज्या फेजमध्ये दोन्ही करंट एकमेकांत मिळतात ती भाजते. ८ च्या जागी ११.४ म्हणजे उष्णता दुप्पट. गुंडाळीवरच्या आवरणाबद्दल एक जुना ठोकताळा आहे की तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य अर्ध्यावर येतं. दोन-अडीच महिन्यांत मोटार तीनदा जाण्यात आश्चर्य नव्हतं.

मग करंट जास्त झाला की मोटार बंद पाडणारा ओव्हरलोड रिले झोपला होता का? स्टार्टरचं झाकण काढलं तर रिलेचं बटण १२ वर. "आठवर ठेवला की सारखा पडतो. दारं धरायला आलेला माणूस किती येळा येणार बटण दाबायला? म्हणून वाढवला." कुणी वाढवला ते मामा सांगेनात, मीही विचारलं नाही. रात्री दोन वाजता उसातून, विंचूकाट्यातून विहिरीवर चालत जाणाऱ्या माणसाला रिलेचं महत्त्व सांगायची मला लाज वाटली.

चिमटीएवढा सांधा

आप्पांच्या आणि मामांच्या मधे एक पोल आणि मामांची सर्व्हिस केबल एवढंच होतं. वायरमननं सकाळी शटडाउन घेतलं, लाइन अर्थ केली आणि शिडी लावली. वर गेला आणि हसायलाच लागला.

मामांची केबल तांब्याची. तिचं एक टोक लाइनीच्या अ‍ॅल्युमिनिअमच्या तारेभोवती नुसतं चार वेढे पिळून सोडलेलं. बाकीच्या दोन फेजना क्लॅम्प होते, या एकीला नव्हता; ऑक्टोबरच्या वाऱ्यावादळात तुटल्यावर कुणीतरी घाईनं जोडलेलं. त्यानं तो तुकडा कापून खाली टाकला. बोटभर लांबीचा, काळा, एका बाजूला तार वितळून मणी झालेला, आणि वेढ्यांच्या आत पांढरट राख. अ‍ॅल्युमिनिअमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, आणि तो वीज वाहत नाही. त्यात तांब्याशी थेट गाठ आणि पावसाचं पाणी. दोन धातूंमध्ये रासायनिक क्रिया सुरू होऊन सांधा कुजतो.

दाबातली पडझड बघून त्या सांध्यावर सुमारे १५ व्होल्ट जात असावेत असा हिशोब निघाला. त्यातून ८.७ अँपिअर वाहत होते. १५ गुणिले ८.७, म्हणजे १३० वॉट, बोटभर जागेत, रात्रभर. जुना १०० वॉटचा बल्ब हातात धरून बघितलेल्यांना कळेल. मामी म्हणाल्या, "आता ध्यानात आलं. अंधाराच्या रात्री त्या पोलवर काजव्यागत दिसायचं." त्यांनी तेव्हा ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं कुणी.

आणि या सांध्यातला वाईट भाग असा की तो स्वतःच स्वतःला बिघडवत नेतो. तापला की ऑक्साइड वाढतो, ऑक्साइड वाढला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो.

वायरमननं दोन्ही धातूंसाठी असलेला पीजी क्लॅम्प लावला, तार घासून, आवळून. काम वीस मिनिटांचं. त्या रात्रीचे आकडे: दाब ३२८, ३२७, ३२६, करंट ९.६, ९.७, ९.५. लाइट सरळ झाली. तिन्ही फेज आता समान अन्याय सोसत होते.

उरलेले ७४ व्होल्ट

इथं हे प्रकरण मिटलं असं मामांना वाटत होतं. पण रिले साडेआठवर आणला तर मोटार दहा मिनिटांत पडत होती, आणि ते बरोबरच होतं. सगळा गाव ज्याला दोष देत होता तो कमी दाब अजून तसाच होता.

लाइन डीपीपासून ९०० मीटर. तार 'वीझल' जातीची, किलोमीटरला सुमारे ०.९३ ओम. मोटारी २०० मीटरपासून शेवटपर्यंत विखुरलेल्या, म्हणजे भाराचा मध्य ५५० मीटरवर धरू. तिथवरचा एका तारेचा रोध ०.५१ ओम. ८४ अँपिअरला एका तारेत ४३ व्होल्ट, दोन फेजमध्ये मोजले तर ७४. ४०२ मधून ७४ गेले, ३२८ उरले. इतका जुळणारा हिशोब परीक्षेत आला तर मुलं संशय घेतील.

हे ७४ व्होल्ट जातात कुठं? तारा तापवायला. टप्प्याटप्प्यानं कमी होत जाणारा करंट धरून मी काढलं तर लाइनीत साडेआठ किलोवॉट जळत होते. एक मोटार लाइनीतून साडेचार किलोवॉटच्या आतच घेते. नऊ मोटारी पाणी काढत होत्या आणि जवळपास दोन मोटारींची वीज सतरा पोलांवर आभाळ तापवत होती.

कॅपॅसिटर हा पहिला उपाय सगळे सांगतात. मोटारीला चुंबकीय क्षेत्र उभं करायला जो करंट लागतो तो काम करत नाही, नुसता सेकंदाला शंभरदा लाइनीतून ये-जा करतो. कॅपॅसिटर ती ये-जा मोटारीजवळच भागवतो. नऊपैकी सात जणांचे कॅपॅसिटर जळलेले किंवा वायर काढून ठेवलेले होते. २ केव्हीएआर क्षमतेचे नवे बसवले. लाइनीतला करंट ८४ वरून ७५ वर आला. दाब वाढला फक्त ११ व्होल्टनं. गावाला जादूची अपेक्षा होती, मला नव्हती: बारीक तारेच्या लाइनीत खरा अडथळा रोधाचा असतो, आणि कॅपॅसिटर त्याला थेट हात लावत नाही.

खरा उपाय ११ केव्ही लाइन बांधापर्यंत आणून दोन-तीन विहिरींमागं छोटी डीपी बसवणं. ४३३ ऐवजी ११,००० व्होल्टवर तेवढीच शक्ती न्यायला करंट पंचवीसपट कमी लागतो, आणि तारेतली नासाडी सहाशेपट. अर्ज केलाय. तो मंजूर होईपर्यंत कांदा थांबणार नव्हता.

म्हणून मामेभावानं जे सुचवलं ते मी आधी हसण्यावारी नेलं: "कॅनॉलच्या पाण्याला पाळी असते, तशी लाइटला लावू." आठ तासांतले पहिले चार तास पाच मोटारी, नंतरचे चार तास उरलेल्या चार. मी वहीत मांडून बघितलं आणि गप्प झालो. नऊ मोटारी एकदम चार तास चालल्या तर लाइनीत ३४ युनिट जळतात. तेवढेच तास पाळीनं चालल्या तर १४. करंट अर्धा केला की नासाडी पाव होते. वेळ दुप्पट केला तरी ती अर्ध्यावरच राहते. ज्यूलनं १८४१ मध्ये मांडलेला तो वर्ग इथं कांद्याच्या कामाला आला.

बैठक मारुतीच्या पारावर झाली. डीपीजवळचे दोघं म्हणाले, आम्हाला दाब मिळतोय, आम्ही का थांबू? त्यांना भौतिकशास्त्र पटलं नाही. आप्पांनी त्यांच्या पुढ्यात २०० लिटरचं बॅरल ठेवून घड्याळ लावलं तेव्हा पटलं. सगळ्या मोटारी चालू असताना शेवटच्या विहिरीवर बॅरल भरायला २४ सेकंद, पाळीत २२. त्याच बैठकीत ऑटो काढायचंही ठरलं. दोघांनी काढले नाहीत, मला माहीत आहे.

पाळीत मामांच्या स्टार्टरवर ३७८ व्होल्ट आले, करंट ७.९ ते ८.१. तेव्हा सहज आणखी एक हिशोब केला. २२ सेकंदांत २०० लिटर, २० मीटर उंच: पाण्याच्या वाट्याला १.८ किलोवॉटच्या आसपास. मोटार घेतेय ४.४. बाकीचं तांब्यात, लोखंडात, बेअरिंगमध्ये आणि पंपाच्या भोवऱ्यात. मामांना ते सांगितलं नाही, एका दिवसाला तेवढं पुरे होतं.

रिलेचं बटण साडेआठवर आहे. ते कुणी हलवलं तर कळावं म्हणून मामींनी बटणावर आणि पाटीवर नेलपेंटची एकच लाल रेघ ओढली आहे. फेब्रुवारीत मामांचा रात्री सव्वाबाराला फोन आला. रिले दोनदा पडला होता. मी विचारलं, रेघ कुठं आहे? "रेघ जाग्यावरच हाय. मी डीपीकडं निघालोय. पाळी कुणी मोडली ते बघतो आधी."